कुंपणावरचा एकोणपन्नास

"माझं म्हणणं एवढंच आहे," बर्नी म्हणाला, "त्या आकड्यापुढे एक चांदणी काढा. बारीकशी. ज्याला कळायचं त्याला कळेल की हा आकडा औषधाचा आहे."

"तुझ्या टकलावर काढते चांदणी," ओडेसा म्हणाली. "नदीपलीकडून दिसेल एवढी."

मी शेंगा सोलत होते. मी शेजारीच बसलेय हे बर्नीला एकदम आठवलं. घसा खाकरून म्हणाला, "डोरीन, मी लॉनीबद्दल नाही हं बोलत."

"मग कुणाबद्दल बोलतोयस? त्या कुंपणावर दुसऱ्या कुणाचा आकडा आहे?"

"म्हणजे आपलं तत्त्व म्हणून."

"तत्त्व म्हणून बोल. ती पिशवी दे इकडे."

आकडा म्हणजे एकोणपन्नास. आमच्या बेसबॉलच्या मैदानाच्या डाव्या कुंपणावर, हिरव्या फळ्यांवर पांढऱ्या रंगात, पुरुषभर उंचीचा. खाली लिहिलंय, लॉनी हलुश्का. तो माझा नवरा. एका उन्हाळ्यात त्यानं एकोणपन्नास चेंडू कुंपणापार घालवले. एका हंगामात एवढे होमरन आमच्या लीगमध्ये त्याच्या आधी कुणी मारले नव्हते, नंतरही नाहीत. लीग काही फार मोठी नाही. मोठ्या लीगमध्ये जाणारी पोरं इथून वर जातात, आणि तिथं न टिकलेली पुन्हा इथंच येऊन पडतात. पण कोल्डर फेरीसारख्या गावाला तेवढं पुरतं. पोलादाचा कारखाना गेला, बाजारपेठ गेली, राहिला तो बार्जमेन संघ आणि कुंपणावरचा एकोणपन्नास.

लॉनी तेव्हा तीस वर्षांचा होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये रंगाचा डबा उघडत होता, तिथंच पडला. हृदय. त्याला जाऊन आता आठ वर्षं झाली.

त्यानं ताकदीची औषधं घेतली होती का? घेतली होती. मला माहीत होतं, बर्नीला माहीत होतं, मैदानाबाहेर त्याच्या नावाचे सदरे विकणाऱ्यालाही माहीत होतं. मार्चमध्ये मान जाड झाली, एप्रिलमध्ये जबडा रुंद झाला, आणि मे महिन्यात चेंडू नदीच्या दिशेनं जायला लागले. तेव्हा कुणाला चांदणी सुचली नाही. तेव्हा सगळे उभे राहून ओरडत होते.

दाताचा डॉक्टर हिरडीत सुई टोचतो, मग दोन तास गाल आपला आहे की शेजारणीचा, कळत नाही. लॉनी गेल्यापासून माझं तसं झालंय. मला रडू आलं नाही. त्याला पुरून आले, घरी येऊन भांडी घासली. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. कसला धीर? बधिर झाले होते, झालं. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा आमच्या ठरलेल्या जागेवर येऊन बसले, बरोबर त्या आकड्याच्या वर, पहिल्या रांगेत. त्या दिवशी ही दोघं हवामानावर बोलायला लागली. बर्नी म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर, त्याला खेळाडूंचे आकडे स्वतःच्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ. ओडेसा शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती, तिचा आवाज अजून तीनशे पोरांना पुरेल असा. आणि बोलतायत काय, तर ढग आलेत का. मी म्हटलं, "भांडा गं बाई. तुम्ही भांडणार नसाल तर मी इथं येऊ कशाला?"

तेव्हापासून भांडतायत.

या वर्षी भांडणाला नवं खाद्य मिळालं. ॲश्टन मिलर्स संघाकडचा डेमेट्रियस पूल. वय अडतीस. एकोणीस वर्षं आमच्याच लीगमध्ये इकडून तिकडे फिरलेला, मोठ्या लीगमध्ये दोनदा जाऊन आठवड्याभरात परत आलेला. असा माणूस या वयात शिकवायला लागतो नाहीतर गाड्या विकायला. हा मात्र जूनपासून जो सुटला तो ऑगस्ट संपेपर्यंत सेहेचाळीसवर.

"याला म्हणतात टिकणं," बर्नी म्हणायचा. "एकोणीस वर्षं! उकडलेली कोंबडी खातो, रात्री नऊला झोपतो, दारूला शिवत नाही. औषधवाले काय करतात? तीन वर्षं भडकतात आणि चौतिसाव्या वर्षी गुडघा फाटतो, खांदा फाटतो, नाहीतर..." इथं तो थांबायचा.

"नाहीतर मरतात," मी म्हणायचे. "बोल की."

"अडतिसाव्या वर्षी सेहेचाळीस!" ओडेसा म्हणायची. "उकडलेल्या कोंबडीवर? बर्नी, मी तीस वर्षं कोंबडी उकडली. ती खाऊन एकाही पोरानं साधा बाक उचलला नाही."

"दर महिन्याला लघवी तपासतात त्याची!"

"तपासतात! बनवणारे पुढं पळतात आणि तपासणारे बाटली घेऊन मागनं."

"पुरावा दे."

"तू दे. साफ असल्याचा."

"असा कुठं पुरावा असतो का, बाई?"

"मग चांदणीला कुठला पुरावा होता?"

मग दोघंही माझ्याकडे बघायची. मी शेंगा सोलायचे. मला खरंच काही वाटायचं नाही. एकोणपन्नास राहिला काय आणि गेला काय. मनात एवढंच यायचं की, आकडा पुसला की त्या फळीवर लॉनीचं काही उरणार नाही. घरातलं तर मी कधीच देऊन टाकलं होतं. कपडे चर्चला दिले, बूट भावाला. राहिला एक जाड कोट आणि एक चेंडू.

तो चेंडू म्हणजे एकोणपन्नासावा. ज्याच्या हाती तो लागला होता, त्यानं लॉनीकडून एक बॅट घेऊन तो परत दिला होता. लॉनीनं त्यावर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "४९. डोरीनला." स्वयंपाकघराच्या खिडकीत, अंडं ठेवायच्या कपात तो बसलेला असतो. भांडी घासताना समोर दिसतो, इतकंच.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूल एकोणपन्नासवर आला. आणि हंगामाचे शेवटचे तीन सामने कुठं, तर कोल्डर फेरीत.

गुरुवारी क्लबच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. आवाज असा की जणू माझ्या कानातच साखर टाकतेय. "मिसेस हलुश्का, समजा तो क्षण आलाच, तर आपण मैदानात येऊन मिस्टर पूल यांच्याशी हात मिळवाल का? लोकांना फार भावेल."

"लोकांना भावेल म्हणून मी मैदानात यायचं?"

"म्हणजे, एक सन्मान म्हणून."

"मी माझ्या जागेवर असेन. ज्याला हात मिळवायचा असेल तो वर येईल. पाय आहेत ना त्याला?"

हे ओडेसाला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंस पोरी. पण एक कर. लॉनीचा चेंडू आण बरोबर."

"कशाला?"

"त्याचा आकडा जाणार, तर त्याचं काहीतरी तिथं असू दे. उगाच सुन्यासुन्यात नको जायला."

मी हो म्हटलं. हो म्हणायला मला हल्ली काही लागत नाही.

आता आमच्या स्टँडची एक रीत. पाहुण्या संघाचा होमरन आमच्यात येऊन पडला, तर तो ठेवायचा नाही. लगेच मैदानात परत फेकायचा. तुमचा होमरन आम्ही मोजत नाही, आम्हाला नको, घेऊन जा! सगळा स्टँड "फेक, फेक" ओरडतो, आणि न फेकणाऱ्याची खैर नाही. एकदा बाहेरगावच्या एका शहाण्यानं चेंडू खिशात घातला, तर त्याच्या डोक्यावर इतकी बिअर ओतली की तो घरी जाईपर्यंत माश्या घोंगावत असतील. पण आम्ही जुनी मंडळी काही भोळी नाही. आमच्या खिशात कायम एक टाकाऊ चेंडू असतो. सरावातला, चिखलात लोळलेला, दुकानात डॉलरला दोन मिळतात तसला. खरा चेंडू आला की तो हळूच मांडीखाली आणि टाकाऊ मैदानात. टाळ्याही मिळतात, चेंडूही राहतो. खेळाडूंना हे ठाऊक असतं, म्हणून एखाद्याला स्वतःचा खास चेंडू हवा असला की सामना संपल्यावर तो बॅट घेऊन वर येतो आणि अदलाबदल करतो. माझ्या उजव्या खिशात वीस वर्षं टाकाऊ चेंडू आहे. आमच्या जागेवर चेंडू येतच असतात, उजवा हात खिशात कधी जातो ते मला कळतही नाही.

शुक्रवारी पूलला काही जमलं नाही. शनिवारीही नाही. आमचे पिचर त्याला मारण्याजोगा चेंडूच देईनात, तर बर्नी आपल्याच संघाला शिव्या घालायला लागला. "भित्रे लेकाचे! मर्दासारखा टाका की चेंडू!"

"आकडा आपला आहे, गाढवा," ओडेसा म्हणाली.

"आकडा खरा असेल तर टिकेल!"

"आणि खोटा असेल तर?"

"तर जाईल."

"आणि हा घेणारा खोटा असेल तर?"

बर्नीनं बिअरचा घोट घेतला आणि म्हणाला, "तर मी आयुष्यभर काय बघत बसलो, ते मला सांग."

रविवार दुपारचा सामना. नदीवरून गार वारा सुटला होता, म्हणून मी लॉनीचा कोट घातला. अंड्याच्या कपातला चेंडू उचलला. तो हाताशी असावा म्हणून कोटाच्या उजव्या खिशात ठेवला आणि रोजचा टाकाऊ चेंडू डाव्यात घातला. कोट मला गुडघ्यापर्यंत येतो. आरशात बघितलं तर लॉनी आंघोळ करून आकसल्यासारखा दिसत होता.

सहाव्या डावात पूल पुन्हा बॅट घेऊन आला. पहिला चेंडू सोडला, दुसरा सोडला. तिसरा आमच्या पोरानं मधोमध दिला. घाबरला असेल, नाहीतर बर्नीच्या शिव्या लागल्या असतील. आवाज झाला तो मला ओळखीचा होता. लाकूड नीट लागलं की ठक् असं नुसतं कोरडं वाजतं. सगळे उभे राहिले. मी बसून होते. चेंडू वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, मग एकदम मोठा झाला आणि माझ्या डाव्या तळहातावर येऊन आदळला. मी हात पुढं केला होता हेसुद्धा मला नंतर कळलं. बोटं आपोआप मिटली.

"फेक! फेक! फेक!"

सगळा स्टँड. ओडेसासुद्धा. सवयीचं ओरडणं, त्यात तिचा दोष नाही. आणि माझा उजवा हात खिशात गेला, बाहेर आला, आणि मी फेकला. चांगला फेकला हो! लांब, मैदानातल्या हिरवळीवर जाऊन टप्पा खाल्ला. काय टाळ्या पडल्या! कुणीतरी पाठीवर थाप मारली.

बर्नी कानाशी येऊन म्हणाला, "खरा ठेवलास ना? दाखव."

मी डावा हात उघडला. पांढराशुभ्र चेंडू, बॅटचा काळा डाग ताजा. मग मी उजव्या हातानं डावा खिसा चाचपला. टाकाऊ चेंडू तिथं होता, चिखलासकट. उजव्या खिशात हात घातला. तिथं काही नव्हतं.

उजवा खिसा म्हणजे टाकाऊ, हे माझ्या हाताला वीस वर्षं ठाऊक. सकाळी मी खिसे बदलले, ते हाताला कुणी सांगितलं?

"काय झालं गं?" ओडेसा म्हणाली.

"लॉनीचा गेला."

"कुठं गेला?"

मी मैदानाकडे बोट केलं. आमच्या डावीकडच्या खेळाडूनं चेंडू उचलला होता आणि पळत जाऊन पूलच्या हातात दिला. पूलनं तो वर धरला. लोक उठून टाळ्या वाजवत होते, आपले लोक, परक्या संघाच्या माणसाला. चांगलं झालं, मी मनात म्हटलं. मग शोधलं, अजून काही वाटतंय का. काही नाही. गाल शेजारणीचाच होता.

ओडेसानं तोंडावर हात ठेवला. बर्नी म्हणाला, "मी खाली जातो, ऑफिसात सांगतो, चूक झाली म्हणतो..."

"बस खाली," मी म्हटलं. "सामना चालू आहे."

सामना आम्ही हरलो. लोक पांगले. रंगकाम करणारा माणूस शिडी आणि डबा घेऊन कुंपणाकडे आला. आजच पुसायचा म्हणाले असणार, सोमवारी कशाला मजुरी द्या! बर्नी आणि ओडेसा जिन्याशी जाऊन थांबली. मी म्हटलं, पुढं व्हा, एवढं बघून येते. कठड्यावरून वाकून बघितलं, शिडी लागली, हिरवा रंग आला. आधी नऊ गेला.

तेवढ्यात पूल मैदानातून चालत आला. उजवा पाय जरा ओढत होता. हातात बॅट. कुंपणाच्या छोट्या दारातून आत शिरला आणि पायऱ्या चढून वर आला. पायऱ्या मोजून मूठभर, पण वर येऊन त्यानं कठडा धरला आणि तोंडानं श्वास घेत उभा राहिला.

"हलुश्का मॅडम?"

"बस. गुडघे दुखत असतील."

तो एक खुर्ची सोडून बसला. खिशातून चेंडू काढून माझ्यापुढे धरला. "हा तुमचा आहे. मी हातात घेतला आणि लगेच समजलो. एकोणीस वर्षं झाली या लीगमध्ये, लोक कसले चेंडू परत फेकतात ते मला माहितीय. असला कुणी फेकत नाही."

"चुकून गेला."

"मला वाटलंच, मॅडम." मग बॅट पुढं केली, जरा लाजून. "आणि ही ठेवा. माझा तुमच्याकडे असेल तर... बायकोनं बजावलंय, तो घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस."

चांगला माणूस होता. नजर खाली, बोलणं मऊ. आणि एवढ्या जवळून मी त्याच्याकडे पहिल्यांदाच बघत होते. सदऱ्याच्या गळ्यापाशी मानेवर फोड होते, लाल, मोठाले, वयात येणाऱ्या पोरांना येतात तसले. जबड्याचं हाड रुंद झालेलं. बसून इतका वेळ झाला तरी श्वास खाली उतरत नव्हता. गार वाऱ्यात कपाळावर घाम. बर्नी आणि ओडेसा सबंध उन्हाळा ज्याच्यावरून भांडत होती, ते माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसलं होतं. मी त्याच्यासारख्या माणसाशेजारी झोपले आहे. मला कशाला लघवी तपासायला हवी?

"रात्री चादर बदलावी लागते का?" मी विचारलं.

"काय मॅडम?"

"घामानं. रात्रीतून एकदा तरी बदलत असशील."

तो मैदानाकडे बघत राहिला. शिडीवरचा माणूस आता चारावर हिरवा रंग फिरवत होता.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तो हळूच म्हणाला.

"कुणी नाही. आमच्या पलंगाच्या पायथ्याशी दुसरी चादर घडी करून ठेवलेली असायची."

"माझ्या तपासणीत काही निघालेलं नाही."

"लॉनीच्याही कधी निघालं नाही. निघालं तेव्हा तो शवागारातल्या टेबलावर होता, आणि छाती उघडलेली होती."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. "अडतीस वर्षांचा आहे मी. दोन वर्षांपूर्वी काढून टाकणार होते मला. मला दुसरं काही येत नाही, मॅडम. खरंच नाही येत."

"लॉनीलाही येत नव्हतं. रंग लावायचा गॅरेजला, तोही ओघळ येईल असा. मुलं आहेत?"

"दोन मुली."

आणि मला राग आला. सांगते ना, कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि एकदम पोटातून राग वर आला. याचा, लॉनीचा, बर्नीच्या चांदणीचा, त्या साखर टाकणाऱ्या मुलीचा, उभं राहून टाळ्या पिटणाऱ्या सगळ्या गावाचा. हे सगळे पुढच्या वर्षीही इथंच बसून भांडतील, की हा साफ होता का नव्हता, आकडा खरा का खोटा. आणि हा कुठल्यातरी शनिवारी कुठल्यातरी गॅरेजमध्ये पडलेला असेल.

"तुझा चेंडू माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "पण मी देणार नाही."

"मॅडम, बॅट कमी वाटत असेल तर..."

"तुझी बॅट घालू कुठं मी! ऐक आता. हा लॉनीचा आहे ना, हा घेऊन जा. बायकोच्या हातात दे. ती विचारेल, हे काय, हा तुझा नाही. तिला सांग हा कुणाचा. तो कितव्या वर्षी गेला ते सांग. आणि चादरीचं मी तुला विचारलं, तेही सांग. मग ती तुला धरून डॉक्टरकडे नेईल. तू आपणहून जाणार नाहीस, मला माहितीय, तुम्ही जात नाही. छातीचं काय काय काढतात ते सगळं काढ. ते झालं की तिला घेऊन माझ्याकडे ये आणि तुझा चेंडू घेऊन जा. तोवर तो माझ्या खिडकीत अंड्याच्या कपात बसेल."

"आणि मी नाही आलो तर?"

"तर तुझी बायको येईल कधीतरी. तेव्हा तिला देईन. पण तू ये."

तो लॉनीच्या चेंडूवर अंगठा फिरवत होता, त्या अक्षरांवरून. मग उठला. चेंडू सदऱ्याच्या आत घातला. बॅट उचलली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली. "आमच्याकडे पण पायथ्याशीच असते," म्हणाला. "चादर." आणि कठडा धरून, एकेक पायरी, खाली गेला.

फळी आता सगळी हिरवी झाली होती. माणूस पांढऱ्याचा डबा उघडत होता.

मी जिन्याशी आले, तर बर्नी फुटायच्या बेतात. "काय म्हणाला? इतका वेळ! जवळून बघितलंस ना त्याला? सांग ना, साफ आहे का?"

"थकलाय," मी म्हटलं.

"हे काय उत्तर झालं?"

"बर्नी, तो थकलाय."

"अगं पण मी आयुष्यभर हे आकडे..." त्याचा आवाज चिरकला. "हो की नाही, एवढं तरी सांग."

ओडेसा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं तीस वर्षं पोरांची तोंडं वाचली आहेत. ती बर्नीला म्हणाली, "गप रे." मग मला म्हणाली, "आणि लॉनीचा? आणला का त्यानं परत?"

"आणला होता. मी देऊन टाकला."

"देऊन टाकलास?"

"त्याच्या बायकोला लागेल."

माझा दंड धरायला म्हणून ओडेसानं हात घातला, आणि तिची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली. मी अजून तो चेंडू मुठीत धरून होते. तिनं एकेक बोट सोडवलं. तळवा टम्म सुजला होता, अंगठ्याखाली काळानिळा, आणि चेंडूची शिवण कातडीवर टाक्याटाक्यानं उमटली होती.

"अगं देवा! केव्हापासून असा आहे हा? सहाव्या डावापासून? दुखत नाही का गं?"

नाही, असंच म्हणणार होते. तोंड उघडलं, आणि तळहातातून एक कळ निघाली ती थेट खांद्यात. मग दुसरी. मी पायरीवर खाली बसले, लॉनीच्या कोटात, हात छातीशी धरून.

"दुखतंय," मी म्हटलं.

"फार?"

"फार दुखतंय गं, ओडेसा. फार दुखतंय."

ती माझ्या शेजारी पायरीवर टेकली आणि माझं डोकं तिनं ओढून घेतलं. बर्नी बर्फ आणायला पळाला.